एका उर्मट वाङ्मयप्रकाराची समीक्षा

मराठी समीक्षेने आजवर कथा, कविता, कादंबरी, नाटक यांचा विचार केला. पुढे दिवस वाईट आल्यावर आत्मचरित्रांचाही केला. पण यंत्र अडलं म्हणजे पडद्यावर दोन-चार ओळींचं जे निवेदन उमटतं, त्याच्याकडे एकाही समीक्षकाने मान वळवून पाहिलेलं नाही. इंग्रजीत त्याला एरर मेसेज म्हणतात. मी त्याला चूकपत्र म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, हे कसलं वाङ्मय? तर वाचकसंख्या बघा. आमच्या ओळखीतल्या एका कवींच्या संग्रहाच्या पाचशे प्रतींपैकी साडेचारशे त्यांच्याच दिवाणाखाली आहेत. उलट चूकपत्र रोज लाखो लोक वाचतात, तेही रात्री एक वाजता, डोळे फाडून, पुन्हा पुन्हा. शब्दन् शब्द वाचतात. कुठल्या कवीला असा वाचक मिळाला आहे? आणि वाचून झाल्यावर लेखकाला शिव्या घालण्याची जी उत्कटता या वाचकात दिसते, तिला साहित्यशास्त्रात तोड नाही.

माझा जन्म मराठी शिकवण्यात गेला. या वाङ्मयाकडे मी वळलो तो पुतण्यामुळे. धाकट्या भावाची शेती शिरपूरच्या दक्षिणेला, तापीच्या अंगाला. विहिरीवर मोटर आहे. शेताला तीन फेजची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली म्हणजे भाऊ बॅटरी घेऊन अंधारात जायचा, बटण दाबून यायचा आणि डोळा लागायचा. इकडे विहिरीतलं पाणी संपायचं आणि मोटर कोरडीच फिरत राहायची. एका उन्हाळ्यात अशी दोनदा जळाली. मोटर भरून घ्यायची म्हणजे काय खर्च येतो, ते कापसाचा भाव माहीत असलेल्याला सांगायला नको.

पुतण्या इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. शिरपुरात 2001 साली अभियांत्रिकी महाविद्यालय आलं तेव्हापासून गावात दर तिसऱ्या घरात एक तरी पोरगं वायरी कापत बसलेलं असतं, असा माझा अंदाज आहे. या पोराने ठरवलं की स्टार्टरच्या पेटीत बसेल असा एक सर्किट बोर्ड स्वतः करायचा. मोटर पाणी ओढत असली की करंट जास्त लागतो, पाणी संपलं की कमी होतो. तो कमी झाला रे झाला की बोर्डाने मोटर बंद करायची. अशी उपकरणं बाजारात तयार मिळतात, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आप्पा, भरीतही तयार मिळतं. आपण वांगी भाजायचं सोडलं का?" खानदेशात या युक्तिवादाला उत्तर नाही.

बोर्ड कसा करतात ते मी प्रथमच पाहिलं. चकचकीत कागदावर छापलेली नक्षी तांब्याच्या पत्र्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवायची. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात हलवत बसायचं. नको असलेलं तांबं विरघळून जातं, नक्षीखालचं राहतं. वहिनींची शेव ठेवायची प्लॅस्टिकची बरणी या कार्याला गेली. इस्त्रीचं काय झालं ते घरात अजून बोललं जात नाही. मग भोकं पाडून, डाख देऊन, मधोमध अठ्ठावीस पायांची एक काळी चिप बसवली. एटीमेगा 328 पी. झुरळासारखी दिसते, पण बत्तीस किलोबाइटचा प्रोग्रॅम पोटात ठेवते आणि तो दहा हजार वेळा बदलू देते. या घराण्याची मूळ कल्पना नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम गावच्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची. अ‍ॅटमेल कंपनीने ती बाजारात आणली आणि 2016 साली मायक्रोचिप कंपनीने अ‍ॅटमेलच विकत घेतली.

आता चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा. संगणक आणि बोर्ड यांच्यामध्ये एक चिमुकली डबी, तिला प्रोग्रॅमर म्हणतात. तिच्यातून सहा वायरी निघतात: वीज, ग्राउंड, रिसेट, घड्याळ, चिपला ऐकवायची वायर आणि चिपने बोलायची वायर. संगणकावर हे काम करणाऱ्या आज्ञावलीचं नाव एव्हीआर-ड्यूड. ब्रायन डीन नावाच्या गृहस्थाने ती लिहिली. आधी तिचं नाव साधं एव्हीआर-प्रोग होतं. 'डाउनलोडर-अपलोडर' या शब्दांतली अक्षरं उचलून 'ड्यूड' झालं, असा खुलासा आहे. पण अमेरिकेत ड्यूड म्हणजे आपला 'भो'. एव्हीआर-भो! एवढ्या नावावरून मी हुरळलो. म्हटलं, माणूस मनमोकळा दिसतोय, कट्ट्यावर बसल्यासारखा बोलेल.

भोने पहिलं वाक्य टाकलं ते असं: 'टार्गेट डझन्ट आन्सर. 1'.

समीक्षक म्हणून मी इथेच थबकलो. 'लक्ष्य उत्तर देत नाही' इथवर ठीक. पूर्णविरामानंतर तो एक कसला? पहिला अंक? पृष्ठक्रमांक? नवकवितेत असा एक आला असता तर त्यावर प्रबंध झाला असता. पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "असतो." या 'असतो'मध्ये एका पिढीची शरणागती आहे.

पुढची ओळ: 'इनिशियलायझेशन फेल्ड, आरसी इज इक्वल टू मायनस वन'. या ओळीतला पहिला शब्द मला उच्चारता येईना, तिसरा कळेना. पण दुसरा कळला. तो आमच्याकडे सगळ्यांना कळतो. खानदेशात 'फेल' या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो जूनमध्ये लागतो. पुतण्या दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. त्याचा नेमका मायक्रोकंट्रोलरचाच विषय मागल्या सत्रात राहिला होता. अशा मुलाच्या तोंडावर रात्री एक वाजता हा शब्द अकरा वेळा फेकला. मी मोजत होतो. प्रत्येक वेळी त्याचे खांदे थोडे खाली जात.

तिसरी ओळ तर अजब आहे. जोडण्या पुन्हा तपासून बघा, नाहीतर उणे एफ वापरून ही तपासणीच डावला, असा तिचा आशय. एफ म्हणजे फोर्स, दांडगाई. म्हणजे एकाच वाक्यात अर्धा उपदेश गांधीजींचा आणि अर्धा गल्लीतल्या दादाचा. थकलेला माणूस यातला कुठला अर्धा ऐकेल, हे सांगायला मानसशास्त्र नको.

आणि शेवटची ओळ: 'एव्हीआर-ड्यूड डन. थँक यू.' झालं. आभारी आहे! काय झालं? काही झालेलं नाही. नाकासमोर दार आपटायचं आणि आतून 'या हं पुन्हा' म्हणायचं. पुण्याच्या काही दुकानांबद्दल असं ऐकलं होतं, लेखी स्वरूपात प्रथम पाहिलं.

तीन रात्री हे चाललं. या तीन रात्रींत पुतण्याने काय केलं? प्रोग्रॅम दुरुस्त केला. पुन्हा लिहिला. निम्मा काढला. शेवटी नुसता दिवा लावायचा-विझवायचा दोन ओळींचा प्रोग्रॅम घेतला, तरी तेच चूकपत्र. पोरगं स्वतःच्या अकलेवर शंका घेऊ लागलं. तिसऱ्या दिवशी भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, त्याले सांगा, हाई सोड आनि पोलीस भरतीना फारम भर." पोरगंही 'बरं' म्हणालं. ते 'बरं' मला आवडलं नाही.

माझं या चूकपत्रावरचं सगळ्यात कडक टीकेचं कलम हेच आहे. चिपशी बोलणंच झालेलं नाही, तेव्हा प्रोग्रॅमचा प्रश्न अजून आलेलाच नाही, ही गोष्ट भोला पक्की ठाऊक होती. ती त्याने सांगितली नाही. पत्र पोचलंच नसेल तर पोस्टमनने निदान 'पत्ता सापडला नाही' असा शेरा मारावा. इथे पोस्टमन नुसता 'नापास' म्हणून परत येतो आणि लिहिणारा बिचारा अक्षर सुधारत बसतो.

मला वायरींतलं काही कळत नाही. मला वाक्यं कळतात. मी पोराला म्हटलं, "बाबा रे, इंग्रजी बाजूला ठेव. पहिल्या ओळीचं मराठी कर आणि मोठ्याने वाच."

"ज्याला हाक मारली तो ओ देत नाही."

"हाक कुणी मारली?"

"संगणकाने."

"ओ कुणी द्यायची?"

"चिपने."

"दोघांच्या मधे काय आहे?"

तो गप्प झाला. मग उठला आणि मल्टिमीटर घेऊन आला. एक टोक इकडे, एक टोक तिकडे, आणि जोड लागला की तो मीटर पीं करतो. सहा वायरी, सहा पीं हवे होते. पीं झाले, पण भलतीकडे. सहा खिळ्यांचं जे कनेक्टर असतं, तीन-तीनच्या दोन रांगांचं, ते त्याने बोर्डाच्या खालून, तांब्याच्या बाजूने बसवलं होतं, कारण वरून रिले आडवा येत होता. खालून बसवलं की दोन रांगांची अदलाबदल होते, आरशात शर्टाचा खिसा उजवीकडे जातो तशी. झालं होतं असं की वीज चिपच्या बोलायच्या तोंडात, घड्याळाच्या जागी ऐकवायची वायर आणि रिसेटच्या जागी ग्राउंड. एवढा जाच सोसून चिप शाबूत राहिली, याचं श्रेय मी त्या दोन नॉर्वेकरांना देतो.

(या गावात असं निदान पूर्वीही झालेलं आहे. तालुक्यातल्या विहिरी आटल्या तेव्हा लोक आभाळाला बोल लावत. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून इथे जे काम केलं, त्यात त्यांनी आधी जमिनीचे थर पाहिले: पाऊस वर, विहीर खाली, मधे पाणी अडतं कुठे? मग नाले खोल आणि रुंद करून ओळीने बंधारे घातले. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते नाव झालं. चूक वरही नव्हती, खालीही नव्हती, मधे होती.)

कनेक्टर सरळ झालं. आम्ही दोघांनी श्वास रोखला. भो म्हणाला: 'टार्गेट डझन्ट आन्सर. 1'.

तेच वाक्य. अक्षरशः तेच, त्या एकासकट. आणि या वेळी कारण साफ वेगळं! आपल्या प्राचीनांनी अभिधा, लक्षणा, व्यंजना अशा शब्दशक्ती सांगितल्या. एकाच वाक्यातून अनेक अर्थ सुचावेत, हे उत्तम काव्याचं लक्षण मानलं. काव्यात ते शोभतं. 'सूर्य मावळला' या वाक्यातून पुजाऱ्याने संध्येची वेळ घ्यावी आणि चोराने आपली, हे ठीक. पण मोटरच्या स्टार्टरमध्ये व्यंजना नको हो! तिथे अभिधाच हवी, तीही ढोबळ.

पोराच्या अंगात आता बळ आलं होतं. त्याने चिपची शेकडो पानांची माहितीपुस्तिका उघडली आणि तासाभराने कारण काढलं. कारखान्यातून निघताना या चिपचं घड्याळ सेकंदाला आठ दशलक्ष ठोक्यांचं असतं, पण आतली एक खूण त्याला आठाने भागून एक दशलक्षावर आणून ठेवते. प्रोग्रॅम भरताना समोरच्याने या वेगाच्या चौथाईपेक्षा हळू बोलायचं, म्हणजे सेकंदाला अडीच लाखांच्या आत. आमची डबी बोलत होती पावणेचार लाखांनी. मुंबईच्या लोकलमधली सूचना आमच्या आजीला ऐकवावी तसं चाललं होतं. आजीला ऐकू येतं, अर्थही कळतो, पण वाक्य संपायच्या आत स्टेशन जातं.

चिपमधल्या त्या खुणांना फ्यूज म्हणतात. हा शब्द कानावर पडताच भाऊ बाहेरून फ्यूजची तार घेऊन आला. हे वेगळे फ्यूज, असं त्याला समजावताना पुतण्याने सांगितलं की यांच्यात शून्य म्हणजे हो आणि एक म्हणजे नाही. भाऊ तार घेऊन तसाच परत गेला.

डबीला हळू बोलायला सांगितलं. आणि तिसरं चूकपत्र आलं. हे मात्र मी उभं राहून वाचलं. त्याचा सारांश असा: समोरच्या चिपची सही मला 1ई 95 14 अशी मिळाली, ती बहुधा एम 328 आहे. तुम्ही सांगितलेल्या चिपची सही 1ई 95 0एफ असायला हवी. चिप पुन्हा तपासा. (शेवटी ती दांडगाईची ओळ होतीच. स्वभाव जात नाही.)

काय सुंदर लेखन आहे हे! काय दिसलं ते सांगितलं, काय दिसायला हवं होतं ते सांगितलं, आणि कुठे बघायचं तेही सांगितलं. आणि त्यातलं ते 'बहुधा'! मराठी समीक्षेत गेल्या पन्नास वर्षांत मला 'बहुधा' हा शब्द आढळलेला नाही. ज्याच्या हातात पुरावा आहे तो 'बहुधा' म्हणतो आणि ज्याच्या हातात काहीच नाही तो 'निःसंशय'. चिप काढून भिंगाखाली धरली. दुकानदाराने 328 पी ऐवजी पी नसलेली 328 दिली होती. एका अक्षराचा फरक. अनुस्वार राहिला म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या मास्तराला त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. भोला नवं नाव सांगितलं आणि प्रोग्रॅम चिपमध्ये उतरला. त्यानंतरही तो 'थँक यू' म्हणालाच, पण आता ते कानाला बरं लागलं.

तुलनात्मक समीक्षेसाठी दुसऱ्या एका घराण्याचं चूकपत्र बघा. 2005 साली इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो जन्माला आलं, आणि नवशिक्यांसाठीच जन्माला आलं. त्याचा तयार बोर्ड अडला की कित्येकदा पडद्यावर येतं: 'अटेम्प्ट 1 ऑफ 10, नॉट इन सिंक'. मग दोन. मग तीन. दहापर्यंत एकच वाक्य, दहा वेळा. वास्तविक खाली बसून काम करणारा हाच भो, पण अंगावर नवशिक्यांचा सदरा. केबल सैल असो, चुकीचा पोर्ट निवडलेला असो, भलताच बोर्ड निवडलेला असो, 'सूर जुळत नाही' हे एकच पालुपद. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेचे अटेम्प्ट मोजणारी पोरं घरोघरी आहेत. त्यांना हे वाक्य दाखवू नये.

लेखकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर समीक्षा एकतर्फी होते (म्हणजे नेहमीसारखी होते). वायरीच्या एका टोकाला बसलेल्याला ऐकू काय येतं? शांतता. शांततेची कारणं अनेक. डाख कोरडा, वायर तुटलेली, वीज नाही, चिप मेलेली. त्याने कुठलं सांगावं? मान्य. पण जे ठाऊक आहे ते तरी सांगावं! आणि या लेखकांना हे पटतं, असं दिसतं. एव्हीआर-ड्यूडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच जागी आणखी एक सल्ला घातला आहे: वेग कमी करून पाहा. दुसऱ्या आवृत्तीत नुसतं मुखपृष्ठ बदलणाऱ्या आमच्या प्रकाशकांनी हे बघावं. माझ्यावर सोपवलं असतं तर मी ते पहिलं चूकपत्र असं लिहिलं असतं: "भो, मी हाक मारी, पन तठेन कोनी ओ देत नही. तुना प्रोग्रॅम आजून मी उघडाबी नही. पहिले वायरी दख." भाषा अहिराणी, पण लेखकाचं नाव शोभलं असतं.

ही हौस लवकरच अंगाशी आली. मोटर बंद का झाली ते भावाला कळावं म्हणून पुतण्याने बोर्डाला एक छोटा पडदा जोडला: दोन ओळी, ओळीला सोळा घरं. आणि म्हणाला, "आप्पा, आता तुम्हीच चूकपत्र लिहा." मी ताबडतोब 'विहिरीत पाणी संपले' असं लिहून दिलं. तो हसला. या पडद्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, बहुतेकांत जपानी कातकानासुद्धा असते, देवनागरी नसते. स्वतः ठिपके भरून नवी अक्षरं करता येतात, पण आठच. माझ्या वाक्यात नऊ होती.

एक अक्षर कापायचं, एवढंच ना? शब्द कापण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. मी 'विहिरीत' काढून टाकलं. पाणी दुसरं कुठलं संपणार? राहिलं 'पाणी संपले'. तर पोरगं म्हणालं, एका अक्षराला जागा पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. त्यात 'णी' बसत नाही. खरंच बसेना. काढून दाखवला तर कुंपणात अडकलेल्या शेळीसारखा दिसला. आम्ही दोघे चौकटीच्या वहीत तासभर ठिपके काळे करत बसलो. प्रमाण मराठीचा 'ण' पाच ठिपक्यांत मावत नाही, हा माझ्या आयुष्यभराच्या अध्यापनाला बसलेला मोठाच धक्का होता.

तेवढ्यात आजी काठी टेकत आली. तिला विचारलं, "माय, विहीर कोरडी पडली म्हणजे काय म्हनतीस तू?"

"काय म्हनसू? पानी सरनं, म्हनसू."

पानी सरनं. पाच अक्षरं. 'नी' ठिपक्यांत बसला, 'नं'चा ठिपका तर आयताच मिळाला. तीन घरं शिल्लक राहिली, ती पुतण्याने पुढच्या बिघाडांसाठी राखून ठेवली आहेत.

पेटी विहिरीवर बसवली. आठवड्याने सकाळी भावाने बघितलं तर मोटर बंद, आणि पडद्यावर ते दोन शब्द. मला वाटलं, वाचून घरी येईल. पण तो शेतकरी आहे, छापलेल्यावर भरवसा ठेवत नाही. विहिरीच्या काठावर गेला, वाकून खाली बघितलं, एक खडा टाकून बघितला. मग परत येऊन पेटीचं झाकण हलकेच लावलं आणि पोराकडे न बघताच म्हणाला, "खरं सांगस."